उचलण्याचा सीन

स्वतःच्या पसंतीनं लग्न केलेल्या मुलीला माहेरी जाऊन रडायची सोय नसते. ठरवून दिलेल्या मुलीचं बरं असतं. काही बिनसलं की बापावर, मध्यस्थावर, नाहीतर पत्रिका जुळवणाऱ्या महाराजावर खापर फोडता येतं. सुचितानं ते कुणावर फोडावं? सौंसरहून ती पांढुर्ण्याला नांदायला निघाली तेव्हा तिच्या बापानं, कवडूजींनी, एकच वाक्य ऐकवलं होतं, "तुनं तुह्या हातानं निवडला. आता आमच्यापाशी रडत येजो नोको." आणि पोरगीही अशी मानी की कधी रडत गेली नाही. हसत जायची, हसत परत यायची. कुणी "कशी आहेस?" विचारलं की "मजेत."

सासरी वाईट म्हणावं असं काही नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. सासरे सुरेशराव संत्र्याचे आडते, घरात कशाची ददात नाही. नवरा, वीरेंद्र, दारू पीत नाही, हात उगारत नाही. आईला हो म्हणतो, बापाला हो म्हणतो, बायकोलाही हो म्हणतो, आणि शेवटी जो मोठ्यानं बोलेल त्याचं करतो. या घरात सुचिता मोठ्यानं बोलत नसे.

एके काळी बोलायची. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा त्यांच्या टोळीची म्होरकी तीच होती. सौंसरच्या घरात माडीवर बसून, कानाला हेडफोन लावून ती ओरडायची, "डावीकडं सरक! झोप! झोप ना बे!" आणि इकडं पांढुर्ण्यात बसलेला वीरेंद्र गेममध्ये मुकाट जमिनीवर आडवा व्हायचा. नेम त्याचा यथातथाच, मैदानात घुसायची घाई मात्र भारी. दर डावात गोळी खाऊन तो पडायचा आणि दर डावात सुचिता धावत जाऊन त्याला उचलायची, म्हणजे बटण दाबून पुन्हा उभं करायची. टोळीतली पोरं त्याला 'सुचिताचं पोतं' म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. "तू सांगते तसं करतो तं जीव वाचते माहा," असं तो हसत हसत म्हणायचा. अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होणार? मग एका शनिवारी दोघं जामसांवलीला हनुमानाच्या देवळात भेटले, कारण शनिवारी जामसांवलीला जातो म्हटलं की घरचे कशाला विचारतात.

लग्न झालं आणि सासूबाई, वच्छलाबाई, म्हणाल्या, "सून मोबाइलवर ठायठाय करते, लोक काय म्हणतीन?" वीरेंद्र म्हणाला, "काही दिवस थांब, सुचे." ती थांबली. ते काही दिवस अजून चालूच होते.

अशात अंकुर आला. वीरेंद्रचा वर्गमित्र, लग्नांचे व्हिडिओ काढून काढून विटलेला. त्याला आता सिनेमा काढायचा होता आणि गोष्ट याच दोघांची हवी होती, गेममध्ये जुळलेल्या प्रेमाची. "पांढुर्णा-सौंसरची लव्ह स्टोरी, वहिनी! सगळा जिल्हा पाह्यते का नाही पाहा!"

सुचिताच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मेथी निवडणारी, पाहुण्यांपुढं पाण्याचे गिलास ठेवणारी सून म्हणजे काही सगळी सुचिता नव्हे, हे आता सासूला दिसेल, शेजारणींना दिसेल. सौंसरला बाबा पाहतील आणि त्यांना कळेल की पोरीनं डोळे मिटून उडी मारली नव्हती. स्वतःचं कौतुक स्वतः सांगायला तिला लाज वाटायची, पण सिनेमानं सांगितलं तर लाजायचं काय? गोष्ट विचारायला अंकुर तिच्याकडं आला नाही, वीरेंद्रकडंच बसला. त्यातही तिला काही वावगं वाटलं नाही.

शूटिंग घरातच लागलं. नायिकेचं काम करणारी प्राजक्ता, नागपूरची पोरगी, चहा घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, पडल्यावर तुम्ही घाबरून कशा ओरडायच्या? मले जमूनच नाही राहिलं."

"कोण पडल्यावर?"

"तुम्ही! पहिल्याच डावात तुम्हाले गोळी लागते, अन् दादा येऊन उचलतात. तिथूनच तं लव्ह सुरू होते ना?"

सुचितानं गॅस बंद केला आणि वीरेंद्रला मागच्या खोलीत बोलावलं. "तुम्ही अंकुरभाऊले काय सांगतलं?"

वीरेंद्र कान खाजवू लागला. "अवं, हिरो दर वेळी पडून राहिला असं दाखोलं तं बरं दिसते का? बाबा पाह्यतीन, मंडीतले लोक पाह्यतीन. सिनेमाच तं हाय. खरं काय ते आपल्या दोघाले माहीत हाय ना."

आपल्या दोघांना! दोघांना माहीत असलेलं खरं एकानं सोडून दिलं की उरते ती एकटी, आणि एकटीच्या खऱ्याला कोण विचारतं? घर यांचं, आवाज यांचा, नियम यांचे, हे सगळं तिनं सोसलं होतं. तेवढी एक गोष्ट तिची होती. आज तीही यांची झाली.

दुपारी अंकुरचं घोडं अडलं. नटांना गेम खेळताच येईना. तो म्हणाला, "वीरू, वहिनी, तुम्हीच खेळा. मी फक्त मोबाइलची स्क्रीन घेतो. आवाज आत्ता तुमचा घेतो, मागून बदलून टाकू." वच्छलाबाईंनी मोठ्या मनानं परवानगी दिली. दिवाणखान्यात दोघांना शेजारी बसवलं, समोर माइक ठेवला. कोपऱ्यात सुरेशराव पेपर वाचत होते.

"वहिनी, तुम्ही मैदानात उभ्या राहा. गोळी लागली की पडा. वीरू येईन, उचलाचं बटण दाबीन. त्यानं उचलेपर्यंत जागच्या हलू नका. हलल्या तं उचलणं तुटते."

हे तो तिला शिकवत होता! सुचिता मैदानात उभी राहिली. समोरच्या झाडीत काही हललं आणि तिचे अंगठे आपसूक चालले. समोरचा गारद. पुन्हा खेळले, पुन्हा गारद. इतक्या दिवसांनी मोबाइल हातात आला होता, तिला मरणंच जमेना.

"वहिनी, मारू नका ना! काहीच करू नका. पडून राहा फक्त."

दारातून वच्छलाबाई म्हणाल्या, "हराले का मेहनत लागते वं? आमी नाही का जनमभर हरलो?" सगळे हसले. सुचिताला हसू आलं नाही. त्यांच्या बोलण्यात गंमत नव्हती, हे तिला एकटीला ऐकू आलं.

तिनं मोबाइल मांडीवर ठेवला. "अंकुरभाऊ, खरं सांगू? पडायचे हे. उचलत मी होती."

अंकुरनं वीरेंद्रकडं पाहिलं. वीरेंद्रनं आधी बापाकडं पाहिलं, मग तोंडभर हसून म्हणाला, "मजाक करून राहिली बे."

बस्स. एवढंच बोलला तो. तिनं मोबाइल उचलला आणि म्हणाली, "चला, घ्या सीन."

या वेळी अंगठे तिनं आवरले. गोळ्या आल्या, ती पडली, आणि किती जीव उरला ते दाखवणारी तिची लाल पट्टी घटू लागली. "वा वहिनी!" अंकुर कुजबुजला. वीरेंद्र धावत आला, तिच्यापाशी वाकला, बटण दाबलं. सुचिता हलली. कोपरांवर सरपटत ती त्याच्यापासून दूर गेली. तो मागं आला, पुन्हा वाकला. ती पुन्हा सरपटली.

"थांब ना, सुचे! उचलून राहिलो ना तुले!"

ती थांबली नाही. उघड्या मैदानातून ती सरपटत राहिली आणि तो मागून वाकत, उठत, धावत राहिला. पट्टी संपली, गेममधली ती मेली. तिला वाईट वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी आपण ठरवलं ते झालं, असं मात्र वाटलं.

वीरेंद्रचा डाव अजून चालू होता. तो मैदानात एकटा उरला होता आणि चहूबाजूंनी गोळ्या येत होत्या. तो गरगर फिरू लागला, कपाळावर घाम आला, डोळे मोबाइलमध्ये असे बुडाले की माइक, मित्र, बाप, सगळं विसरला.

"आता कोनीकडं जाऊ, सुचे? लवकर सांग ना! तू सांगितल्याबिगर मले कधी जमलं का? सुचे!"

कोपऱ्यात सुरेशरावांनी पेपर खाली केला. प्राजक्ता सुचिताकडं पाहू लागली. उजवीकडं खडक होता, त्याच्यामागं झोपला तर वाचला असता. सुचिताला तो शेजारून त्याच्या स्क्रीनवर दिसत होता. ती काही बोलली नाही.