अण्णाशैलीचा उगम

धाकटीची माणसं मानेपाशी संपत. त्याचं कारण कलेत नव्हतं, चपलांत होतं. बूट-चपलांच्या कारखान्यात कॅटलॉगसाठी चित्रं काढून काढून तिच्या हाताला खालून वर जायची सवय लागली होती. आधी पाऊल, मग पोटरी, मग पोट. हनुवटीपर्यंत पोचावं तो कागद संपलेला.

ती कारखान्यात का गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो विषय कुणी काढत नसे. लग्नाच्या वर्षी तिला चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिचे थोरले दीर, ज्यांना सारं घर अण्णा म्हणे, शाळेत ड्रॉइंगमास्तर होते, म्हणजे चित्रांच्या बाबतीत घरातलं हायकोर्टच. त्यांनी तिच्या चित्रांचा गठ्ठा चाळला आणि सासऱ्यांना सांगितलं, पोरगी गुणाची आहे, पण हातात काही नाही, उगाच कशाला? गठ्ठा पुढे चपलांच्या कपाटात अंथरलेला सापडला. त्यावर अण्णांचे बूट ऐसपैस बसले होते.

धाकटी तेव्हा काही बोलली नाही. बोलून टाकणारी माणसं विसरतात. तिने तो तोटा करून घेतला नाही.

आता अर्धं आयुष्य उलटल्यावर एका गॅलरीवाल्या बाईंना तिची बिनडोक्याची माणसं आवडली आणि प्रदर्शन ठरलं. अडलं फक्त नावावर. बाई म्हणाल्या, शैलीला नाव हवंच. लोक आधी पाटी वाचतात, पाटी जमली तर चित्राकडे बघायची गरजही पडत नाही. धाकटी आठवडाभर नाव शोधत होती. नवऱ्याला विचारलं, तर त्याने विचार करण्यासाठी म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. पण नाव आपलं आपणच ठेवायचं, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. कॉलेज गेलं ते गेलं, हे जाऊ द्यायचं नाही.

आणि एका दुपारी जेवताना अण्णांनी जाहीर केलं की त्यांनी गॅलरीत फोन करून काम उरकलंय. शैलीचं नाव ‘शीर्षमुक्त चैतन्यवाद’. बाई खूश आहेत. उद्घाटनाला आद्य गुरू या नात्याने दोन शब्द तेच बोलणार आहेत.

“आपलं माणूस म्हणून शब्द टाकला हो,” ते म्हणाले आणि हात धुऊन आरामखुर्चीत पसरले.

धाकटी ताटं उचलता उचलता थांबली. पाय स्टुलावर, टाच तुडवलेल्या सपाता, हाताचा अंगठा कमरेच्या पट्ट्यात खोचलेला, वर पोट. घरात जेवणानंतर न हलता बसणारं माणूस एकच, त्यामुळे इतकी वर्षं सरावाला ती त्यांनाच काढत आली होती. प्रदर्शनातली झाडून सगळी चित्रं त्यांचीच होती. अण्णांनी ती कितीदा तरी पाहिली होती. पण मास्तर आधी तोंड बघतात, आणि तोंड तर तिथे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पाटी रंगवणाऱ्याकडे जाऊन आली. संध्याकाळी तिने पदर सारखा करून सांगितलं, “भावोजी, शैलीला तुमचंच नाव ठेवलंय.” अण्णांचे डोळे पाणावले. निवृत्त मास्तरांच्या अख्ख्या कंपूला त्यांनी आवतण धाडलं.

उद्घाटनाला दारातच पाटी होती: ‘अण्णाशैली’. खाली बारीक अक्षरांत: ‘पायापासून सुरुवात करावी. डोकं जागा उरल्यास.’ अण्णांनी वरची ओळ वाचली आणि तिथेच फोटो काढून घेतला. त्यांचे मित्र, भूगोलाचे मास्तर, आत जाऊन पहिल्या चित्रापुढे उभे राहिले. त्यांनी चित्र पाहिलं, अण्णांना पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

“लेका, हा तूच की.”

“छे. कशावरून?”

“सपाता बघ. आणि हा अंगठा.”

अण्णांनी पट्ट्यातला अंगठा झटकन बाहेर काढला, तिथेच ते फसले. कंपू भिंतीभिंतीने अण्णा मोजत निघाला. मी नव्हे म्हणावं, तर पाटीवरचं नाव हातचं जातं. मीच म्हणावं, तर पोटं सगळी आपली. शेवटी भाषणभर ते पोट आत ओढून उभे राहिले, त्यामुळे भाषण आटोपशीर झालं. धाकटी समोरच्या खुर्चीत हातावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसली. इतकं लक्ष देऊन तिने त्यांचं कधीच ऐकलं नव्हतं.

नाव मात्र रुजलं. कारखान्यात एखादीचं चित्र कागदात मावलं नाही की बाकीच्या म्हणू लागल्या, “गेला, अण्णा झाला.” पुढे शिंप्याकडे आखूड शिवलेल्या सदऱ्यालाही अण्णाच म्हणतात, असं थोरल्या जाऊबाई सांगत आल्या, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना.

मग एका सुट्टीच्या दिवशी अण्णा दाढीबिढी करून, बूट घालून धाकटीच्या टेबलासमोर ताठ बसले.

“अगं, एकदा पूर्ण काढ ना मला. चेहऱ्यासकट. लोकांना दाखवायला होईल.”

“काढते की.” तिने कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि डाव्या बुटाची नाडी काढायला घेतली.

अण्णा बराच वेळ बघत होते. नाडी झाली, घोटा झाला, पोटरी वर सरकू लागली.

“याहून मोठा कागद नाही का गं घरात?”

“आहे ना,” धाकटी म्हणाली, आणि जागची हलली नाही.