आठ सेकंदांचा कंदील

कंदील पेटायच्या आधीच रंगमंचावरच्या खोलीभर उजेड पडला. मारुतीरावांच्या हातातली काडी अजून ओढायचीच होती. तालमीला बसलेल्या पोरी फिस्सकन हसल्या.

"आप्पा, जरा आवरा की," लाईटच्या मशीनवर बसलेला शामू म्हणाला. "हे काय तुमच्यासाठी थांबत न्हाय."

सकाळची ही शेवटची तालीम. संध्याकाळी सहाला स्पर्धेचा प्रयोग. विंगेत केबल गुंडाळणारा धर्मराज आतल्या आत जळत राहिला.

बेळगावच्या या थिएटरात बावीस वर्षं लाईट त्यानंच सांभाळली होती. या नाटकाच्या दुसऱ्या अंकात तीन गोष्टी एकदम व्हायच्या. खिडकीबाहेरची सांज विझायची, दारातला पांढऱ्या उजेडाचा पट्टा मागं सरायचा आणि कंदिलाचा पिवळा उजेड भिंतींवर चढायचा. उजेड कमी-जास्त करणाऱ्या जुन्या डिमरचे दोन दांडे धर्मराजच्या दोन हातांत, तिसरा कोपराखाली, डोळा मारुतीरावांच्या काडीवर. म्हातारा थकलेला असला, की सांजही सावकाश विझायची.

यंदा सत्त्याऐंशी साली बेंगळूरहून मशीन आलं. तुझी सगळी लाईट यात भर, असं सेक्रेटरी आण्णाप्पांनी फर्मावलं. धर्मराजनं भरली. प्रत्येक दिवा किती, किती वेळात, हे एकेक करून दिलं आणि तिन्ही चाली एका बटणाखाली बांधल्या. कंदिलाला वेळ किती, म्हणून मशीनबरोबर आलेल्या इंजिनिअरनं विचारलं तेव्हा तो आठ सेकंद म्हणाला. चुकला. मारुतीरावांचा हात वर्षभर कापत होता, पण त्या हाताबरोबर धर्मराजचे हातही आपोआप रेंगाळायचे. मोजायची पाळीच कधी आली नव्हती.

मशीन भरून झालं आणि सेक्रेटरींनी बटण आपल्या भाच्याच्या, शामूच्या हाती दिलं. आंबेडकर गल्लीतल्या माणसानं शिडीवर चढावं, केबल ओढावी. खुर्चीवर बसायला घरचा माणूस लागतो. वेळ वाढव, असं धर्मराजनं शामूला दोनदा सांगून पाहिलं. भरलेलं हलवायचं नाही, असं मामांनी बजावलंय म्हणे. आणि मामा तर आज तालमीत सगळ्यांदेखत बोलून गेले होते, की संध्याकाळीही असंच झालं तर पुढच्या प्रयोगाला दुसरा नट बघू.

दुपारी सगळे जेवायला गेले. धर्मराज मशीनसमोर बसला. ते बटण उघडलं, तिन्ही चाली आठावरून चौदावर नेल्या आणि पुन्हा भरल्या. कुणालाच सांगितलं नाही.

प्रयोग रंगला. दुसरा अंक आला. शामूनं बटण दाबलं. मारुतीरावांनी काच उचलली, काडी ओढली, एका झटक्यात वात पेटवली आणि काच खाली केली. चार सेकंदही झाले नसतील.

खिडकीबाहेरची सांज अजून विझलेली नव्हती, भिंती काळ्याच. म्हातारा पेटलेला कंदील हातात धरून तसाच उभा. त्यानं मान वर करून दिव्यांकडे पाहिलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली, लोक हसले. मग पिवळा उजेड आला, सावकाश, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.

पडदा पडल्यावर मारुतीराव मेकअपच्या खोलीत एकटेच बसले होते. धर्मराज दारात थांबला.

"तू येळ वाढिवलास व्हय रं?"

"व्हय आप्पा. चौदा केलतं."

मारुतीरावांनी उजवा हात पुढं केला. अंगठा आणि दोन बोटं भाजून काळी पडली होती, एकाला फोड आला होता.

"दुपारी जेवलो न्हाय. हितंच बसून काड्यांची अख्खी पेटी संपवली. म्हटलं, आज मशीनच्या आधी पेटवायचाच."

"मला सांगायचं की."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

रंग पुसायची तेलाची वाटी आरशापुढं होती. धर्मराजनं ती ओढून घेतली, म्हाताऱ्याचा हात मांडीवर घेतला. बाहेर सेक्रेटरी चिडून धर्मराजला हाका मारत होते, पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट, सगळ्या थिएटराला ऐकू जाईल अशा. बावीस वर्षांत हे नाव एकाही हँडबिलावर छापलं गेलं नव्हतं.

धर्मराज उठला नाही. त्यानं अंगठ्याला तेल लावलं आणि दुसरं बोट हातात घेतलं.