साडेतीन पौंडांचा चाप

लागोपाठ तीन वर्षं ऑर्व्हिल स्टाडलरचा नेम चुकला होता. उत्तर विस्कॉन्सिनातल्या त्या शिकारी झोपडीत ज्याचं हरीण हुकेल, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर खिळ्यानं ठोकायचं, असा शिरस्ता होता. भिंतीवर ऑर्व्हिलची तीन टोकं ओळीनं लटकत होती, तीही तीन चांगल्या लोकरी शर्टांची. बायको मार्लिस म्हणाली, "यंदा जुना शर्ट घालून जा. नाहीतर उघडाच जा."

मार्लिसचा भाऊ गॉर्डी तर जखमेवर मीठ चोळायलाच जन्मला होता. "डोळे तुझे शाबूत आहेत रे," तो म्हणाला, "तुझी बंदूक म्हणजे अडेलतट्टू. तिचा चाप ओढायचा तर बैलजोडी लागेल. माझी बघ. दीड पौंडाच्या ओढीला सुटते! नुसतं बोट दाखवलं की धडाम."

गॉर्डीनं तो चाप स्वतःच स्वयंपाकघरात बसून, बायकोच्या नखं घासायच्या कानशीनं घासून हलका केला होता. ते तो अभिमानानं सांगायचा. बायको कानशीबद्दल काय म्हणाली, ते मात्र सांगायचा नाही.

हंगामाला आठवडा उरला तेव्हा ऑर्व्हिल बंदूक घेऊन मिस ब्रेकेंच्या दुकानात गेला. बाई एकोणऐंशीच्या. वडिलांमागे बंदूक-दुरुस्तीचं दुकान त्यांनीच चालवलं होतं, आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना शिकवलंही होतं. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांचा ऑर्व्हिल त्यांच्यापुढे अजून टोपी काढून उभा राहायचा.

"चाप हलका करून द्या," तो म्हणाला. "दीड पौंड."

"कुणी सांगितलं दीड?"

"असंच... वाटलं."

"गॉर्डीनं सांगितलं," बाई म्हणाल्या. त्यांनी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, चापाला ओढ मोजायचा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि हळूहळू ओढला. कट्! "सव्वासहा पौंड. अरे, ही बंदूक आहे की गोठ्याचं दार?"

मग त्यांनी नळीच्या टोकावर एक नाणं ठेवलं. "समोरच्या कॅलेंडरवर नेम धर आणि चाप ओढ. नाणं पडता कामा नये."

ऑर्व्हिलनं श्वास रोखला, बोट आवळलं, मग मनगट आवळलं, मग खांदा. चाप सुटला तेव्हा नाणं टणटणत कपाटाखाली गेलं.

"बघितलंस? बोटाचं काम तू अख्ख्या अंगाला लावतोस. हरीण वाचणारच."

"म्हणून तर म्हणतोय, दीड."

बाईंनी त्यावर वाद घातला नाही. बंदूक पकडीत धरून त्यांनी एक स्क्रू फिरवला, काट्यावर दीड पौंड करून दाखवला आणि म्हणाल्या, "आता तुझे ते चामड्याचे हातमोजे घाल. थंडीत तेच घालतोस ना? नेम धर, आणि चाप ओढायच्या आधी 'आता' म्हण."

ऑर्व्हिलनं जाडजूड मोजा चापाच्या कड्यात घातला. 'आ' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कट्! पुन्हा धरली. कट्! तिसऱ्या वेळी तर नेम कॅलेंडरपर्यंत पोचलाच नव्हता.

"हे आत्ता गोळीनिशी झालं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या, "तर माझा दिवा गेला असता. माणसाच्या अंगात थंडी भरते, बोटं बधिर होतात, हरीण बघून छाती धडधडते. तेव्हा चापाला थोडा धीर असावा लागतो. टेबलावर बसून नेमबाजी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी."

मग दोघांचा तासभर खेळ चालला. अडीचला मोजा अजून दगा देई. साडेचारला नाणं लटपटे. साडेतीनला आणल्यावर ऑर्व्हिलनं 'आता' म्हटलं, बोट आवळलं, कट् झालं आणि नाणं जागच्या जागी राहिलं. त्यानं पुन्हा केलं. सहा वेळा केलं. सातव्यांदा बाईंनी बंदूक काढून घेतली. "बास. उरलेलं घरी कर, रिकाम्या बंदुकीनं. आणि स्क्रूला हात लावशील तर याद राख."

हंगामाच्या पहिल्या सकाळी बर्फ चांगला पडला होता. ऑर्व्हिल आपल्या मचाणावर कुडकुडत बसला होता. दोनशे पावलांवर दाट झाडीपलीकडे गॉर्डी होता. उजाडून तास झाला असेल, तेवढ्यात गॉर्डीच्या बाजूनं बार झाला आणि पाठोपाठ एक शिवी ऐकू आली. झाडीतून एक दांडगा नर उसळत बाहेर आला आणि ऑर्व्हिलपुढे येऊन, मागे वळून बघत, थबकला.

ऑर्व्हिलची छाती असा ढोल बडवू लागली की त्याला वाटलं, हरणालाच ऐकू जाईल. मोजा चापावर टेकला. चापानं किंचित अडवलं, जणू विचारलं, नक्की ना? नक्की. बोट आवळलं. नर तीस पावलं धावला आणि बर्फात कोसळला.

गॉर्डी आला तो पांढराफटक पडून. "मी नेमच धरला नव्हता," तो पुटपुटला. "सेफ्टीचा खटका काढला, बोट नुसतं लागलं... गोळी बुटापुढे वीतभर अंतरावर जमिनीत गेली रे."

 ऑर्व्हिलनं थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

झोपडीत मात्र कुणाला दया आली नाही. "मी हुकलो नाही, बंदूक आपोआप सुटली," असं म्हणत गॉर्डी भांडला. "बंदूक कुणाची?" मंडळींनी विचारलं. "माझी." "हरीण गेलं ना?" "गेलं." मग कात्री आली. शर्ट नवा होता.

सोमवारी गॉर्डी ऑर्व्हिलकडे आला. बंदूक चादरीत गुंडाळलेली. "तू घेऊन जा मिस ब्रेकेंकडे. माझं नाव नको सांगू. मागे मी म्हणालो होतो, बायकांना बंदुकीतलं काय कळतं."

"त्यांच्यासमोर?"

"समोर."

ऑर्व्हिल दुकानात गेला, गॉर्डी ट्रकमध्ये खाली वाकून बसला. बाईंनी चादर उघडली आणि चापाच्या कडेवर बोट फिरवलं. "हे नखाच्या कानशीचं काम," त्या म्हणाल्या. त्यांनी काटा उचलला, कोट चढवला, बाहेर जाऊन ट्रकच्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "गॉर्डी, तुझे हातमोजे घेऊन आत ये."