आमच्या घराण्याचे पुढचे दात

आमच्या घराण्यात दात आधी घरात शिरतात, माणूस मागून येतो. सायखेड्याला मुलगी पाहायला गेलो तेव्हा तोंड उघडायला नको म्हणून मी कांदेपोह्यांना हातही लावला नाही. होणाऱ्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोरगं लय शांत हाय." झालं, लग्न जमलं! बायको आशा बिचारी अजून त्या शांत मुलाची वाट बघतेय.

आता तेच दात आमच्या तेजलला आलेत. सहावीत आहे. स्नेहसंमेलनाचं निवेदन बाईंनी तिला दिलं, तर ही म्हणते, "मी नाही करणार. सगळे दातांकडेच बघतील." अहो, पोरगी बोलते काय गोड! माझा जीव तुटला. मग डोकं सणकलं. म्हटलं, "कोण चिडवतं ते सांग फक्त, एकेकाला बघतो." ती तोंडावर हात धरून आत निघून गेली.

शनिवारी शाळेत दातांची तपासणी होती, पालकांनाही बोलावलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना कोपऱ्यात गाठलं. "मॅडम, आमच्या तेजलचं जरा गुपचूप बघा, सगळ्यांदेखत नको."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि वर्गाकडे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "ज्यांचे दात पुढे, तिरके, एकावर एक आलेत, त्यांनी खिडकीकडे बसा बघू!"

गेली अब्रू, म्हटलं. पण कसलं काय, खिडकीकडे जागा पुरेना! वर्गाची मॉनिटर निकिता तिकडे, कबड्डीवाला महेश तिकडे. "सगळ्या शाळांत हेच बघते मी," बाई म्हणाल्या. "काहींना तार लागेल. पण हसायला कुणालाच बंदी नाही."

तेजलचा नंबर आला. तोंडावरचा हात काही निघेना.

"कुणी चिडवतं का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही. पण पप्पा हसताना असाच हात धरतात. म्हणजे आमचे दात घाणच असणार ना?"

मेलो! सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला आणि माझा हात तेव्हाही तोंडावरच होता. काढला. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बत्तिशी दाखवली.

"आई शप्पथ!" महेश ओरडला. वर्ग खो खो हसत सुटला. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हात आपसूक वर निघाला, तेवढ्यात तेजल दिसली. दोन्ही हातांनी पोट धरून ती हसत होती.

मी हात खिशात घातला आणि हसत राहिलो.