आधी बयेचं

"मावशी नाही आल्या?" टोपलीचं झाकण उचलता उचलता जनावरांच्या डॉक्टरने विचारलं. "मांजरीला दुसऱ्या कुणाच्या हाती देतील असं वाटलं नव्हतं."

"आई गेली," लेक म्हणाली. "मागच्या महिन्यात."

डॉक्टरचा हात झाकणावरच राहिला. बयेनं टोपलीतून डोकं वर काढलं, टेबलाकडे एक नजर टाकली आणि अंग चोरून पुन्हा खाली बसली.

"कशानं?"

"पोटात गाठ होती. आतल्या आत फुटली. कुणालाच पत्ता नव्हता." येईल त्याला सांगून सांगून हे आता पाठ झालं होतं. "मी हिला नि पिल्लांना माझ्या घरी नेतेय. त्याआधी हिचं ऑपरेशन होईल का? पुन्हा पिल्लं झाली तर मला नाही झेपायचं."

डॉक्टरने बयेला बाहेर काढून पोट चाचपलं. "पिल्लं पितात अजून?"

"छे! कधीच सोडलंय. वाटीवर गुरगुरतात एकमेकांवर."

"दूधही आटलंय. मग हीच वेळ. फार थांबायचं नसतं, अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. मावशींना हे सांगितलं तेव्हा केवढ्या हसल्या! म्हणाल्या, 'म्हणजे हिला आत कोंडायचं आणि दारात पहारा मी द्यायचा? या वयात बोके हाकलू?'"

लेकीला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"नक्की कधी, नक्की कधी, एवढंच विचारायच्या," डॉक्टर सिरिंज भरता भरता म्हणाला. "हिची तारीख कळली की त्यांना स्वतःची ठरवायची होती ना."

"कसली तारीख?"

"त्यांच्या ऑपरेशनची. 'हॉस्पिटलवाले लगेच भरती व्हा म्हणतायत, पण पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत, कुणाच्या गळ्यात घालू? आधी बयेचं उरकू, मग माझं.' हसत हसत सांगत होत्या, मला वाटलं, मोतीबिंदू असेल. मीच म्हटलं, चालेल की मावशी, पिल्लं दोन महिन्यांची होऊ द्या, मग दूध आटायला थोडे दिवस…"

त्यानं लेकीकडे पाहिलं आणि सिरिंज खाली ठेवली.

लेकीनं टेबलाची कड घट्ट धरली. म्हणजे आईला माहीत होतं.

आईची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या धुलाईघरात गेली. चादरींना इस्त्री करायची, घड्या घालायच्या. ऑपरेशनच्या खोलीतून आलेलं कापड ती हात लावताच ओळखायची. त्यावरून काय काय कळायचं, ते घरी कधी बोलली नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा तिनं मांजर पुढे केली. खरंच मांजरीसाठी थांबली, की भीतीला मांजरीचं निमित्त सापडलं म्हणून थांबली? आता विचारायचं तरी कुणाला?

फोनवर मात्र म्हणाली होती, "बयेचं दूध सुटू दे गं, मग येते तुझ्याकडे. चांगली महिनाभर पडून राहते."

"राहा की! मांजरीचं बाळंतपण आटोपलं की मग लेकीचा नंबर," लेक फणकारली होती. जन्मात दुपारी न लवंडलेली बाई महिनाभर पडून कशाला राहील, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

"ताई, बसा तुम्ही," डॉक्टर म्हणाला. त्यानं खुर्ची पुढे ओढली. "आज राहू द्या. मी… नंतर कधीतरी करू."

"नाही." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आजच करा. आणखी पुढे नाही ढकलायचं."

डॉक्टरने मान हलवली. इंजेक्शन देताना बयेचं डोकं लेकीनं स्वतःच्या तळहातावर धरलं. हळूहळू ते जड झालं.

संध्याकाळी ती बयेला आईच्या घरी घेऊन आली. पोटावरचे केस काढलेले, टाके दिसत होते. दार उघडल्याबरोबर पिल्लं पलंगाखालून शेपट्या वर करून धावत आली आणि वाटेतच थबकली. बयेच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता. सगळ्यांत धाकट्यानं पाठीची कमान केली आणि आईवर फिस्कारलं.

बया रागावली नाही, पुढेही आली नाही. भिंतीशी जाऊन, पाय पोटाखाली घेऊन, पिल्लांकडे बघत बसून राहिली. लेक तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"येतील गं," ती म्हणाली, "येतील."