सातवा देश

“हो, येतो ना!” सीत्से फोनवर म्हणून गेला आणि मग त्याचं लक्ष आउक्येकडे गेलं. बायकोची इस्त्री कापडावरच थबकली होती.

फोन ब्रामचा, त्याच्या एजंटचा होता. मध्य आशियातल्या एका देशाला फुटबॉलसाठी तांत्रिक संचालक हवा होता. काम दोन वर्षांचं. पक्कं काय ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

“या वेळी मी नाही येणार,” आउक्ये शांतपणे म्हणाली आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

सीत्सेने आजवर सहा देशांचे संघ घडवले होते. घाना, ओमान, नेपाळ... गेल्या गेल्या विमानतळावर फुलं, आणि लागोपाठ दोन-तीन सामने हरले की गच्छंती. प्रत्येक घरात आउक्येने पडदे लावले आणि रुळायच्या आत उतरवले. तिची आई इकडे मायदेशी, फ्रीसलंडमध्ये वारली, तेव्हा ही मस्कतला होती. दुसऱ्या दिवशी सीत्सेचा सामना होता, म्हणून एकटीच परतली. तो विषय तिने कधी काढला नाही. आजही काढला नाही.

“मग इथे राहून करू काय मी?” सीत्से म्हणाला. “ या गावात मला ओळखतं तरी कोण?”

“मी ओळखते,” ती म्हणाली. “थोडंफार.”

ते त्याच्या वर्मी लागलं. कोट चढवून तो तडक बाहेर पडला.

कालव्याकाठच्या मैदानावर म्हाताऱ्यांचा खेळ रंगला होता. दौवे त्याचा शाळेतला सोबती. जन्मभर गाई राखलेला गडी. त्याने लांबूनच हाळी दिली, “अरे सीत्से! आमचा एक जण गुडघा धरून बसलाय. ये की आत!”

साठी उलटलेल्यांच्या या फुटबॉलमध्ये नुसतं चालायचं. धावलं की चेंडू समोरच्यांना. सीत्से आधी बोट करकरून सगळ्यांना जागा दाखवत राहिला. मग पुढ्यात चेंडू आला आणि तो सवयीने धावत सुटला.

“ओ साहेब!” दौवे ओरडला. “विश्वचषक आहे का हा? चाला! आणि ते बोट खिशात घाला. कुठं जायचं ते आम्हाला कळतं.”

सगळे खो खो हसले. सीत्सेही हसला, आणि हसता हसता त्याला जाणवलं, पाय भरून आलेत. पायच कशाला, सगळाच जीव थकलाय. नवा दुभाषा, नवे मंत्री, परत तीच भाषणं.

कडेला जाऊन त्याने फोन लावला. “ब्राम, नाही जमणार मला.”

“बरं. मग यान आहे, दुसरा प्रशिक्षक, त्याला विचारतो. तो कधीचा मागे लागलाय.”

एवढंच. फोन बंद झाला तरी तो सीत्सेच्या कानाशीच होता.

वळून पाहतो तर कुंपणापाशी सायकल धरून आउक्ये उभी. बाजारातून येत असावी.

“ब्रामला नाही म्हटलं.”

“माझ्यासाठी?”

हो म्हणणं सोपं होतं. सीत्सेने मान हलवली. “नाही गं. दमलोय मी.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “हे बरं झालं, खरं सांगितलंस.”

दोघं चालत घराकडे निघाली. वारा समोरून होता. सीत्से मागे पडू लागला, तशी आउक्येने आपली चाल कमी केली.