पायरीवरची बॅग

घरातली वस्तू मोडली की मागच्या दाराच्या पायरीवर ठेवायची, एवढा एकच नियम आईने त्या घराला घालून दिला होता. पायरीवर गेलेली वस्तू बागेची. ती परत मागायची नाही, तिच्यासाठी हळहळायचं नाही, आणि कुणी काही विचारायचंही नाही. बाबा प्लंबर, त्यामुळे पायरीला कधी उपास घडला नाही. लोकांच्या न्हाणीघरांतून निघालेली तडकलेली बेसिनं, फ्लशच्या गळक्या टाक्या, तोंडं चोंदलेले शॉवर असं सगळं ते उचलून आणायचे, पायरीवर ठेवायचे आणि हात झटकून आत जायचे. बाकीचं आईचं. बेसिनात पुदिना, टाकीत नेचे, आणि काठ्यांवर बसवून पिवळे रंगवलेले शॉवर सूर्यफुलांसारखे माना खाली घालून ओळीने उभे. जुन्या तोट्या तारेत ओवून तिने माळ केली होती, ती वाऱ्याने किणकिणायची.

"वहिनी, तुमच्या बागेत आलं की हात धुऊनच जावंसं वाटतं," शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या.

"धुवा की. फक्त पुदिन्याची परवानगी घ्या."

आई गेली आणि पायरी रिकामी पडली. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. बागेत पाऊल टाकेनात. बागेकडे पाठ करून बसता येईल अशी खुर्ची मात्र त्यांनी बरोबर लावून घेतली होती.

लेक थोड्या दिवसांसाठी म्हणून आली होती. दूरच्या शहरातल्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं काम तिचं. फाटक्या पानांना पातळ कागद लावायचा, सुटलेले कणे शिवायचे. रजा संपली. वाढवून घेतली, तीही संपली. 'बाबा, मी उद्या निघते,' हे वाक्य ती अंथरुणातच जुळवायची. बाहेर येऊन तोंड उघडायची आणि "चहा टाकू का?" असं काहीतरी बाहेर पडायचं. बाबा "टाक" म्हणायचे. संध्याकाळी ती नेच्यांना पाणी घालायची, तरी ते एकेक करून तपकिरी होत चालले होते. आईची उणीव बागेला जाणवू द्यायची नाही हे तिला समजत होतं, पण कसं ते समजत नव्हतं. घर तिला गळ्यापर्यंत येऊन थांबलेल्या पाण्यासारखं वाटायला लागलं होतं.

मग ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. "सोमवारी हजर व्हा, नाहीतर तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. मी शक्य तितकं थोपवून धरलं हो. आता माझ्याही हातात नाही."

"येते," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकू येईल असा निघाला.

पलंगाखालून तिने बॅग ओढली. चाकांची, टणक कवचाची, निळी. आत बुरशीचा वास भरला होता. साबणाच्या पाण्याने तिने ती आतून पुसली, आणि उन्हात वाळत घालावी म्हणून मागचं दार उघडून जिथे पहिलं ऊन पडलेलं दिसलं तिथे उघडी करून ठेवली. डोक्यात तिकीट, बाबांची औषधं, जेवणाच्या डब्याची सोय असं दहा ठिकाणचं चाललं होतं. तशीच ती औषधं आणायला बाहेर पडली.

परतली तेव्हा बागेतून ड्रिलचा आवाज येत होता.

बाबांनी कामाचे कपडे घातले होते. खिशात पट्टी, कानावर पेन्सिल. गुडघे टेकून ते मातीत बसले होते आणि समोर निळी बॅग उघडी पसरलेली. एका कप्प्यात नेच्यांमधले वाचलेले दोन, दुसऱ्यात पुदिना. तळाला ओळीने भोकं, अगदी मापात.

"आलीस? बघ, निचरा कसा झालाय. आई कायम जास्त भोकं पाडायची, माती वाहून जायची." त्यांच्या नाकाला चिखल लागला होता. "आणि चाकं असल्यामुळे उन्हातून सावलीत नेता येईल. हे तुझ्या आईला सुचलं नसतं हं."

"बाबा, ही माझी बॅग."

"मग कुणाची? तूच ठेवलीस ना पायरीवर." माती थोपटत, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "मी बघितली आणि म्हटलं, चला, ठरलं पोरीचं, राहतेय ती. मला आपलं विचारायला जमत नव्हतं गं. तू बरं केलंस, न बोलता सांगितलंस."

औषधांची पिशवी हातात धरून ती उभी राहिली. आता गप्प राहिलं तर सगळंच संपत होतं.

"मी वाळत घातली होती, बाबा. सोमवारी मला कामावर जायचंय."

वाऱ्यावर तोट्या वाजल्या. बाबांनी मान हलवली, हळू, एखाद्या गिऱ्हाइकाने तक्रार सांगितल्यावर हलवावी तशी.

"असं होय. मग चूक माझी." लगेच त्यांनी नेच्यांची मुळं बोटांनी सोडवायला घेतली. "काढतो. बुजवून देतो भोकं. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

"राहू द्या ना. मी कापडी पिशवीतून—"

"कापडी पिशवीतून? माझी मुलगी गाठोडं घेऊन जाणार? वेडी आहेस का?"

त्यांनी बॅग धुतली, पुसली, भोकाभोकात लांबीचा घट्ट लगदा भरला. रात्रभर सुकू दिली. दुसऱ्या दिवशी ती पाण्याने काठोकाठ भरली आणि दोन विटांवर ठेवून खाली वाकून पाहत राहिले.

"बॅगेत पाणी कशाला, बाबा? कपडे भरायचेत मला."

"पाणी थांबलं म्हणजे काम झालं. नाहीतर पावसात भिजतील ना तुझे कपडे." तळातून एक थेंब पडला. बाबांचा चेहरा उजळला की काय असं तिला वाटलं. "पाहिलंस? या कोपऱ्यात आहे. हे पुन्हा काढून भरावं लागणार. आज काही होत नाही."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. खुर्चीकडे फिरकले नाहीत. उरलेल्या नेच्यांना त्यांनी पुन्हा टाकीत लावलं आणि एका शॉवरला रंगही दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा थेंब, दुसरा कोपरा. ते भोकात काय भरत होते ते ती बघत होती. लांबी पातळ कालवलेली होती. चाळीस वर्षं पाणी अडवलेल्या माणसाने कालवावी तशी नव्हती.

रविवारी दुपारी काकूंनी कुंपणावरून हाक मारली. "अगं, उद्या निघायचंय ना तुला? काय चाललंय हे बॅगेचं? माझी ने की, माळ्यावर पडूनच आहे. आत्ता काढून देते, ये."

बाबांची पाठ तिच्याकडे होती. हातातली लांबी भरायची पट्टी थांबली. वर मात्र त्यांनी पाहिलं नाही.

बोलायला एवढीशी जागा होती. 'हो काकू, आले.' दोन-तीन शब्दांचं काम. ते तिने तोंडापर्यंत आणलेही.

"नको काकू," तिला आपलाच आवाज ऐकू आला. "बाबांनी करायला घेतलीय ना."

"बघ बाई," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

पट्टी पुन्हा चालू लागली.

"काय म्हणत होत्या?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"मग जरा पाइप धर. पुन्हा भरून बघू."

तिने पाइप धरला. बॅगेत पाणी चढत गेलं, अर्ध्यापर्यंत आलं, काठाला लागलं. घरात फोन वाजायला लागला होता. दोघंही खाली वाकून पहिल्या थेंबाची वाट पाहत राहिले.